परेडमध्ये चक्कर आली. आता एनसीसी सोडू का?

"बाई, नमस्कार.

मी सोलापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी एनसीसीला लागले. वडील यंत्रमागावर आहेत, आई घरी बिड्या वळते. जूनमध्ये आमचा दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प झाला. घर सोडून एवढे दिवस राहायची माझी पहिलीच वेळ. पहिल्या दोन रात्री रडले, मग आवडायला लागलं. पाचव्या दिवशी फायरिंग होतं. पॉइंट टू-टू रायफल, पंचवीस मीटर, पाच गोळ्या. माझ्या पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जवळ बसल्या. आम्हाला शिकवणारे फौजी उस्ताद म्हणाले, 'बेटा, पहले कभी चलाई है क्या?'

आठव्या दिवशी समारोपाच्या परेडची रिहर्सल होती. साडेसातला फॉलइन झालो, साहेब यायला उशीर झाला. पाऊण तास उभ्या होतो. पाऊस लांबलेला, नुसतं उकडत होतं. माझ्या पाळीचा दुसरा दिवस होता. नाश्ता केला नव्हता, मेसची रांग मोठी होती आणि मला बेल्टचं बक्कल चमकवायचं राहिलं होतं. आदल्या रात्री फॉलइनला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून आमच्या सीनियर मुलीनं शंभर बैठका काढायला लावल्या होत्या, त्यानं पाय भरून आले होते. उभ्या उभ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. पुढच्या मुलीची टोपी काळी काळी दिसायला लागली. मला कळत होतं, मी पडणार आहे. पण हलायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून हलले नाही. पुढचं आठवत नाही. हनुवटीला तीन टाके पडले.

रात्री रोलकॉलला सीनियर सगळ्यांसमोर म्हणाली, 'अशा पोरींमुळं नाव जातं. झेपत नाही त्यांनी घरी बसून भाकरी थापाव्यात.' मला परेडमधून काढलं. आता कॉलेजात पोरं मला 'धडाम' म्हणतात. घरी मी सांगितलंय की अडथळे पार करताना लागलं.

फायरिंगमुळं पुढच्या निवड कॅम्पला माझं नाव आलंय. ऑगस्टमध्ये आहे. जावंसं वाटतं आणि भीतीही वाटते. परत पडले तर? मला वाटतं, माझ्यात ती शिस्तच नाही. एनसीसी सोडून द्यावी का?

— एक कॅडेट, सोलापूर"

पोरी,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'मला कळत होतं, मी पडणार आहे. पण हलायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून हलले नाही.' जिच्या डोळ्यांपुढं अंधारी येतेय, कानात शिट्टी वाजतेय आणि तरी जिची टाच जागची सरकत नाही, ती मुलगी मला विचारते की माझ्यात शिस्त नाही का! अगं, शिस्त तुझ्याकडं भरपूर आहे. तुला एक गोष्ट शिकवायची राहून गेली, आणि ती शिकवायचं काम आम्हा मोठ्यांचं होतं.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एनसीसी सोडू नकोस. ऑगस्टच्या कॅम्पला जा. पण त्याआधी तीन कामं करायची आहेत आणि त्यातलं एकही टाळून चालणार नाही: आईला खरं सांगायचं, रक्त तपासून घ्यायचं, आणि त्या रात्रीच्या बैठकांबद्दल तुझ्या एएनओ मॅडमना, म्हणजे कॉलेजातली एनसीसी सांभाळणाऱ्या तुमच्या बाईंना, लिहून द्यायचं.

मी हा गणवेश आधी कॅडेट म्हणून घातला आणि मग बावीस वर्षं एएनओ म्हणून. मुलींना घेऊन किती कॅम्प केले त्याचा हिशेब आता राहिला नाही. एक सांगते, असा एकही कॅम्प मला आठवत नाही ज्यात परेडला एखादी मुलगी कोसळली नाही. मुलंही कोसळतात. ती सावलीत नेली जातात आणि त्याची चर्चा होत नाही, एवढाच फरक. २०२३ च्या जूनमध्ये लंडनला राजाच्या वाढदिवसाच्या परेडची तालीम चालू होती, तेव्हा उंच काळ्या केसाळ टोप्या घातलेले पलटणीतले कसलेले शिपाई उन्हानं कोसळले होते. बँडमधला एक ट्रॉम्बोनवाला पडला, उठला आणि पुन्हा वाजवायला लागला. जगानं ते टीव्हीवर पाहिलं. त्यांची नोकरीच उभं राहण्याची आहे, तरी शरीरानं आपलं म्हणणं खरं केलं.

त्या सकाळी तुझ्या शरीरात काय झालं ते समजून घे, म्हणजे निम्मी भीती जाईल. आपण चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायात उतरलेलं रक्त वर ढकलत राहतात. सावधानमध्ये दगडासारखं उभं राहिलं की हे ढकलणं थांबतं. त्यात नव्या कॅडेट एक चूक हमखास करतात, ताठ दिसायचं म्हणून गुडघे मागं ताणून घट्ट धरतात. रक्त खाली साचत जातं. उकाड्यानं कातडीतल्या नसा रुंदावलेल्या, थोडं तिकडंही जातं. घामावाटे पाणी गेलेलं. पोट रिकामं. मग डोक्याला रक्त कमी पडतं आणि शरीर आपल्याला आडवं करून मोकळं होतं. आडवं झालं की रक्त परत डोक्याकडं येतं, म्हणून माणूस मिनिटभरात डोळे उघडतं. तुझ्या बाबतीत यात आदल्या रात्रीच्या शंभर बैठका आणि पाळीचा दुसरा दिवस एवढं जास्तीचं होतं. यातली दोन कारणं कमी असती तर तू उभी राहिली असतीस, असं मी छातीठोकपणे सांगते.

आता पाण्याबद्दल. पत्रात तू पाण्याचं काहीच लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे. तू कमी पाणी प्यायलीस. पहाटेच्या अंधारात शौचालय लांब, दाराला कडी धड नाही, बाहेर पंधरा जणींची रांग, आणि एकदा फॉलइन झालं की 'जाऊन येऊ का' विचारायची लाज. म्हणून मुली रात्री आठनंतर पाणी तोंडाला लावत नाहीत. मी स्वतः कॅडेट होते तेव्हा हेच करत होते. माझ्या आधीच्याही करत होत्या. पुढं एएनओ झाल्यावर मी कॅम्पच्या पहिल्या संध्याकाळी मुलींच्या तंबूत जाऊन आधी हीच गोष्ट बोलायचे, की पाणी प्या, रात्री जायचं तर जोडीनं जा, टॉर्च माझ्याकडून न्या, आणि विचारायला लाज वाटली तर मला उठवा. पहिल्या वर्षी कुणी उठवलं नाही. दुसऱ्या वर्षी रात्रीत चार वेळा उठले, आणि त्या कॅम्पात चक्कर येणाऱ्या मुली निम्म्यानं कमी झाल्या. ऑगस्टच्या कॅम्पात तू हे मॅडमशी पहिल्याच दिवशी बोल. तुझ्यामुळं बाकीच्या दहा जणी बोलतील.

उभं राहायचं कसं, तेही लिहिते. गुडघे किंचित सैल ठेव, बघणाऱ्याला कळत नाही. बुटाच्या आत पायाची बोटं आवळ आणि सोड, सतत. वजन टाचेवरून चवड्यावर आणि चवड्यावरून टाचेवर असं हळूच फिरव. पोटऱ्या आवळ. श्वास कोंडू नकोस. फॉलइनच्या तासभर आधी दोन ग्लास पाणी, शक्यतो चिमूटभर मीठ-साखर आणि लिंबू घालून. आणि नाश्ता. बक्कल चमकलं नाही तर दोन शब्द ऐकून घ्यायचे, पण उपाशी पोटी ग्राउंडवर पाऊल टाकायचं नाही. मेसची रांग लांब असेल तर खिशात गूळ-फुटाणे ठेव, नाहीतर घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणी ने. आपल्या गावच्या कडक भाकरीला दहा दिवस काही होत नाही, हे तुला मी सांगायला नको.

हे सगळं करूनही कानात शिट्टी वाजली, जांभया यायला लागल्या, अंगाला गार घाम सुटला, तर एक पाऊल मागं सरायचं आणि खाली बसायचं. डोकं गुडघ्यांत. कुणाची परवानगी नको. बसलेली मुलगी कलंडली तरी उंचावरून पडत नाही आणि हनुवटी शाबूत राहते. तू हनुवटीवर पडलीस, म्हणजे तुझे हातसुद्धा पुढं आले नाहीत. वाचताना माझ्या पोटात कालवलं.

खाली बसणं म्हणजे शिस्त मोडणं, असं तुला वाटतंय. हीच ती गोष्ट जी तुला शिकवायची राहिली. फौजेत रोज सकाळी सिक रिपोर्ट असतो. ज्याला बरं नाही तो एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या तपासणी खोलीत, जाऊन तसं सांगतो, डॉक्टर तपासतात, ड्युटी द्यायची की आराम ते लिहून देतात. हा फौजेच्या दिवसाचा नेहमीचा भाग आहे, पीटीसारखाच. दुखणं लपवणारा जवान तिथं शूर ठरत नाही, तो साथीदारांना अडचणीत आणतो. सियाचिनसारख्या उंचीवर पाठवताना जवानांना बजावलेलं असतं की डोकं दुखायला लागलं, धाप लागली तर लगेच सांगा, कारण तिथं अंगावर काढणारा काही तासांत मरू शकतो आणि त्याला खाली आणताना आणखी चौघांचे जीव टांगणीला लागतात. सांगणं हा तिथं हुकूम आहे. तुझ्या एनसीसीच्या अभ्यासक्रमातही आरोग्य आणि प्रथमोपचार हा विषय आहेच. भोवळ आलेल्याला आडवं करा, पाय उंच करा, पट्टा सैल करा, शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नका, हे तू पाठ केलं असशील. ते दुसऱ्यासाठी पाठ केलंस. स्वतःला लागू करायचं राहिलं.

आणि मला सांग, फायरिंगला तू काय केलंस? पोटावर पडून, बट खांद्यात रोवून, श्वास अर्धा सोडून थांबलीस. छातीची धडधड ऐकलीस, दोन ठोक्यांच्या मधे ट्रिगर हलकेच दाबलास. आपल्या शरीरात काय चाललंय याकडं एवढं बारीक लक्ष असल्याशिवाय पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली बसत नाहीत. तेच लक्ष परेडच्या मैदानावर घेऊन जा.

गेल्या आठवड्यात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आपल्या गावातून पंढरीकडं गेली. तू पाहिली असशीलच. पांढरे कपडे, खांद्यावर पताका, हातात टाळ, रांग कुठं वाकडी नाही. एवढी शिस्तीची दिंडी मी दुसरी पाहिली नाही. माझ्यासमोर एक वयस्क वारकरी रांगेतून बाजूला झाले, कडुलिंबाखाली बसले, पायातलं काढलं, पाणी प्यायले. कुणी त्यांना बोललं नाही. पाच मिनिटांनी उठून ते पुढच्या रांगेत मिसळले. मी तुझं पत्र तेव्हा नुकतंच वाचलं होतं.

माझी एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर खरं होणार नाही. एएनओ होऊन मला तीनच वर्षं झाली होती. कॅम्पच्या तिसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, 'बाई, नडगी दुखतीय.' मी म्हणाले, 'सगळ्यांच्याच दुखतात, सवय होईल.' तिनं पुन्हा विचारलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी तिला उठताच येईना. एक्स-रे काढला तर हाडाला बारीक तडा गेलेला. रोज दगडी जमिनीवर टाचा आपटून आपटून. तिचे वडील तिला न्यायला आले. शेतकरी माणूस, एसटीनं आले होते. मला ओरडतील म्हणून मी तयार होते. ते हात जोडून म्हणाले, 'तुम्ही पोरीला वेळेवर दवाखान्यात नेलंत, उपकार झाले.' मला वर बघता आलं नाही. त्यानंतर 'दुखतंय' म्हणणाऱ्या एकाही मुलीला मी 'सवय होईल' म्हटलेलं नाही.

आता तुझी सीनियर. शंभर बैठका ही शिक्षा द्यायचा तिला काहीएक अधिकार नव्हता. तिच्या खांद्यावर कुठलीही पट्टी असो, सीनियर अंडर ऑफिसरची का असेना, ती कॅडेटच आहे. उशीर झाला तर तिनं नाव लिहून एएनओंकडं किंवा उस्तादांकडं द्यायचं, एवढंच तिचं काम. रात्री, मोठं कुणी नसताना, ज्युनियर मुलीला पाय भरून येईपर्यंत बैठका काढायला लावणं याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. हेच कॉलेजच्या वसतिगृहात घडलं असतं तर त्याला छळ, म्हणजे रॅगिंग, म्हणाले असते, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे.

तू म्हणशील, कॅम्प संपला, आता कशाला? कारण ऑगस्टमध्ये त्याच पट्टीखाली दुसरी कुणी पहिल्या वर्षाची मुलगी उभी असेल. एक साधा कागद घे. तारीख, वेळ, जागा, काय सांगितलं गेलं, किती बैठका, सोबत कोण होतं, दुसऱ्या सकाळी काय झालं, किती टाके. तुला कसं वाटलं ते शेवटी दोन ओळींत. शिव्या नकोत, तिच्या स्वभावाबद्दल मतं नकोत. एक प्रत स्वतःकडं ठेव आणि दुसरी एएनओ मॅडमच्या हातात दे. त्यांनी काही केलं नाही तर कमांडिंग ऑफिसरांच्या नावानं अर्ज करता येतो, ते तुझ्या हक्कात बसतं. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर यातलं एक अक्षर टाकू नकोस. तिकडं गेलं की खऱ्या गोष्टीची भांडणं होतात आणि कागद मागं पडतो.

त्या मुलीबद्दल मला राग आहे, पण एवढंही मनात येतं की ती विसाएक वर्षांची असेल, आणि तिलाही पहिल्या कॅम्पला कुणीतरी बैठका काढायला लावल्या असतील. तिला वाटत असेल यालाच शिस्त म्हणतात. म्हणूनच हे मोठ्यांपर्यंत जायला हवं. माझी आजी मार्शल लॉच्या गोष्टी सांगायची. १९३० च्या मे महिन्यात आपल्या सोलापुरावर लष्करी कायदा लादला होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. आजी म्हणायची, त्या दिवसांत बुटांचा आवाज आला की बाया पोरांच्या तोंडावर हात ठेवायच्या. ज्या गावानं धाक म्हणजे काय ते असं पाहिलंय, त्या गावच्या मुलीनं आज खाकी घातल्यावर तिच्या बुटांच्या आवाजानं कुणा पहिल्या वर्षाच्या पोरीच्या पोटात गोळा येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. उद्या तुझ्याही खांद्यावर पट्टी येणार आहे.

आणि भाकरी. भाकरी थापणं ही हलकी गोष्ट असल्यासारखं ती बोलली, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. मुलींची एनसीसी १९४९ पासून आहे. तेव्हापासून या खाकीतल्या कितीतरी मुली अशाच आयांच्या पोटी आल्या, ज्या पहाटे उठून चुलीपुढं बसायच्या आणि मग कामाला जायच्या.

यावरून तुझ्या आईकडं येते. तू लिहिलंस की ती बिड्या वळते. मी बिडी कामगारांच्या वस्तीत लहानाची मोठी झाले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, रात्री भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ. मान खाली, पाठीला बाक. हजार बिड्या होईपर्यंत बाई उठत नाही. पाणीही कमी पिते, कारण उठलं की हात मोडतो. चक्कर आली तर म्हणते, 'पित्त झालंय.' तुझी आईही असंच म्हणते का? म्हणत असेल तर तू मैदानावर जे केलंस ते कुठून आलं ते तुझं तुला कळेल. सोसून बसायचं, सांगायचं नाही, हे आपण घरातूनच घेऊन येतो.

म्हणून आईला खरं सांग. ती आधी ओरडेल. म्हणेल, 'सोड ते एनसीसी-फिनसीसी.' ओरडू दे. ऊन, उपाशी पोट, पाळी, बैठका, सगळं क्रमानं सांग. मी लिहिलेलं हेच उत्तर तिला वाचून दाखव. आणि मग तिलाही घेऊन सिव्हिलला जा. दोघींचं रक्त तपासा. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या आपल्या देशातल्या ५७ टक्के बायकांना तो आढळला. म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या दर दोघींत एकीहून जास्त. तुला असेल असं मी म्हणत नाही, पण न तपासता ऑगस्टला जाऊ नकोस.

लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, जेवणावर लगेच चहाही नको, लोह अंगाला लागत नाही. लिंबू पिळून खा, त्यानं लागतं. शौचाला काळं होतं, घाबरू नकोस. पाळी सात दिवसांच्या वर जात असेल किंवा गाठी पडत असतील तर तेही डॉक्टरांना सांग. आणि एक महत्त्वाचं: उभं राहून उन्हात चक्कर आली ती वेगळी. पण धावता धावता कधी भोवळ आली असेल, छातीत धडधड होऊन आली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना मुद्दाम सांगून हृदयाचा ईसीजी काढून घे. तसं काही नसेल तर एकदा आलेल्या चक्करेचं एवढं ओझं वागवायचं कारण नाही.

पाळीच्या दिवसांत परेड करायचीच नाही असं मी म्हणणार नाही, मी केली आहे, हजारो मुली करतात. पण त्रास होत असेल तर जीसीआय मॅडमना, म्हणजे मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षिकांना, किंवा एएनओंना सांगायचं, 'मॅडम, दुसरा दिवस आहे, पोटात दुखतंय.' एवढंच वाक्य. तो बहाणा नसतो. बहाणा करणारी मुलगी आम्हाला लांबून ओळखू येते, आणि ती बक्कल चमकवण्यासाठी नाश्ता सोडत नाही.

सोडू नकोस म्हणते त्याला व्यवहाराचीही बाजू आहे. दोन वर्षं आणि एक कॅम्प झाला की तू बी प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसू शकतेस, तिसऱ्या वर्षी सी. सी प्रमाणपत्र किमान बी श्रेणीत मिळालं आणि पदवीला ५० टक्के पडले की एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे फौजेत अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीसाठी अर्ज करता येतो, पुढं चेन्नईची ओटीए, म्हणजे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी. मुलींसाठी जागा थोड्या असतात, हे खरं, तरी दार उघडं आहे. अग्निवीर भरतीतही एनसीसीच्या प्रमाणपत्राला जादा गुण आहेत. तुला फौजेत जायचं नसेल तरी हरकत नाही. पण एका सकाळच्या पडण्यावरून आतापर्यंतची मेहनत वाया घालवू नकोस.

'धडाम' म्हणणाऱ्या पोरांचं मी फार मनावर घेत नाही. ऑगस्टहून परत येशील तोवर ते दुसऱ्या कुणाच्या मागं लागलेले असतील. त्यांतला एखादा रोज कॅन्टीनमध्ये भेटणारा असेल तर शांतपणे विचार, 'पंचवीस मीटरवर पाच गोळ्यांचा तुझा ग्रूप किती सेंटिमीटरचा?' आणि उत्तराची वाट बघ.

निघायच्या आधी बूट बघ. तू लिहिलं नाहीस, पण वाटपाचे बूट बहुतेक मुलींना एक नंबर मोठे येतात, आणि मुली त्यात कापूस कोंबून दहा दिवस काढतात. कापूस घामानं गोळा होतो आणि फोड येतात. नंबर बदलून माग, नाही मिळाला तर आत जाड तळवा टाक आणि सुती मोज्यांचे चार जोड ने. नवे बूट कॅम्पच्या पहिल्या दिवशी प्रथम घालायचे नाहीत, दोन आठवडे आधी रोज संध्याकाळी तासभर घालून फिर. होम मैदानाला दोन फेऱ्या मार, तलावाच्या कडेनं परत ये. पुढच्या रविवारपासून आईला सोबत घे, तिचीही पाठ मोकळी होईल.

तुझी,
बाई